'डाय'ला मराठीत काय म्हणायचं? आणि तो डाय की ती डाय?

मी हाताने भेटकार्डं बनवते, आता दोन-चार जणींना शिकवतेही, त्यांच्यासाठी मराठीत टिपणं लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. लिहिलं होतं, "आधी डाय नीट लावून घ्या." एकीने अगदी भाबडेपणाने विचारलं, कुठल्या रंगाचा? हसून हसून पुरेवाट झाली, पण चूक तिची नाहीच, इंग्रजीत दोन्हींची स्पेलिंगं वेगळी, देवनागरीत केसांचं डाय आणि कागदाचं डाय डिट्टो सेम.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी, पानाच्या फुलाच्या नाहीतर चौकटीच्या आकाराचा पातळ पोलादी पत्रा असतो, त्याच्या एका बाजूला आकाराच्या कडेने धार. धार कागदाकडे करून ठेवायची, वर-खाली प्लॅस्टिकच्या जाड पाट्या आणि ती सगळी चळत हँडल फिरवत मशीनच्या दोन रुळांमधून काढायची. दाबाने कागद कापला जातो, बास. मला साचा, ठसा आणि छाप इतकेच शब्द सुचतायत. कुठला घेऊ?

—

ठसा तर अजिबात नको. ठसा उमटतो, कापत नाही. शाईचा ठसा, बोटाचा ठसा, मनावर ठसा, सगळीकडे मूळ वस्तू शाबूत राहून वर खूण पडते. छापचंही तेच. "पानाचा ठसा घ्या" असं लिहिलंत तर बायका शाईचं पॅड शोधत बसतील.

—

मग साचा घ्या की, सोपा शब्द आहे, सगळ्यांना कळतो.

—

साचा म्हटलं की मला त्यात काहीतरी ओतायचं किंवा दाबून भरायचं असं वाटतं, मेण, प्लास्टर, माती असलं काहीतरी. इथे काहीच भरत नाही आपण. शिवाय साचेबद्ध ही मराठीत सरळ शिवी आहे हो, हाताने केलेल्या कार्डाच्या टिपणात दर दोन ओळींनी साचा आला तर कसं वाटेल? तशीही डाय वापरली की कार्ड हाताने केलेलं उरतच नाही असं म्हणणारे आहेतच, त्यांच्या हातात आयतं कोलीत. (मला ते पटत नाही, डाय नुसता तुकडा कापून देते, कुठला कागद, कशावर काय चिकटवायचं आणि किती मोकळं सोडायचं हे डोकं आपलंच.)

—

वर्कशॉपवाला बोलतोय. घोळ मुळात इंग्रजीचा आहे, त्यांनी एकाच शब्दात दहा हत्यारं कोंबलीत. नाणं पाडायची डाय म्हणजे खरोखर ठसा. वितळलेला धातू ज्यात भरतात ती डाय म्हणजे साचा. रॉडवर आटे पाडायची डाय वेगळी, तार ओढून बारीक करायची वेगळी. मराठीत आपण कामावरून नाव देतो म्हणून एक शब्द सगळीकडे बसणार नाही, आणि बसवायला जाऊही नये. तुमची डाय कापते, म्हणजे ती नात्याने पात्याच्या घरातली, साच्याच्या नाही. आणि हो, आमच्याकडे कायम ती डाय. "डाय बसली नाही", "डाय बोथट झाली". केसांचा मात्र तो डाय. तुमचा अर्धा घोळ लिंगानेच मिटतो बघा.

—

छपाईच्या धंद्यात याला सरळ पंचिंग म्हणतात. आमची डाय म्हणजे प्लायवुडच्या फळीत खाचा पाडून त्यात वाकवून ठोकलेली पोलादी पट्टी, बाजूला रबराचे तुकडे, म्हणजे कापलेला कागद पात्यात अडकून न बसता वर येतो. जिथे फक्त घडी पाडायची तिथे धार नसलेली बोथट पट्टी, ते क्रीझिंग. मराठी हवं असेल तर घडीची रेघ म्हणा, पण चुणी नका म्हणू, चुणी नको असताना पडते. कागदावर उठून दिसणारी नक्षी असेल तर एम्बॉसिंग, त्याला उठाव हा छान शब्द आहेच.

एक सांगा, डाय एकाच कोपऱ्यात कापत नसेल तर काय करता?

—

मूळ प्रश्नवाली मीच. परवाच झालं, जाळीच्या पानाची डाय, २५० जीएसएमचा (चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाचा) कागद, सगळं पान सुटलं आणि देठापाशी दोन शिरा चिकटून राहिल्या. कातरीने सोडवायला गेले तर फाटलं. मग दुसऱ्यांदा त्या कोपऱ्याखाली साध्या कागदाचा कपटा घातला, तेवढाच दाब वाढला आणि पान अख्खं सुटलं. आम्ही त्याला टेकू देणं म्हणतो.

—

टेकू! आम्ही मेकरेडी म्हणत आलो इतकी वर्षं. टेकू भारी आहे, ढापतोय.

—

यातूनच कळतंय ना, की वस्तूचं नाव उसनं असलं तरी तिच्याभोवतीची क्रियापदं आपली आहेत. डाय बसते, अडकते, सुटते, टेकू मागते. जाळीतले बारीक तुकडे टोचून काढायचे, ते कपटे. पान काढून घेतल्यावर कागदात उरते ती खिडकी, तिच्यामागे दुसरा रंग लावला की तीही वापरता येते. साचाकर्तन वगैरे घडवत बसलात तर कुणी बोलणार नाही, नुसतं टिपणात राहील.

—

कातसाचा कसा वाटतो?

—

दातदुखीच्या औषधाचं नाव वाटतं.

—

ठीक, मग डायच ठेवते, स्त्रीलिंगी. पण अनेकवचन? "या डाया एकात एक बसतात" लिहिलं तर वाचणारे हसतील का?

—

आम्ही एक डाय, चार डाय म्हणतो. डाया म्हणणारेही आहेत, कुणी हसत नाही.

—

पण "कुठल्या रंगाचा" विचारणाऱ्या ताईंचं काय? लिंग सांभाळून लिहिलं तरी "डाय लावून घ्या" या वाक्यात तो-ती दिसतच नाही.

—

"लावा"ऐवजी "बसवा" लिहा. आणि केसांना लावतात त्याला मराठीत कलप म्हणतात की, डाय शब्द तिकडे कशाला अडकवून ठेवलाय?