मदत हवी आहे: सातवी विज्ञान, आम्ल-आम्लारी ओळखण्याचा प्रयोग

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकवतो. प्रयोगशाळा नाही, तास ४० मिनिटांचा. मुलं प्रयोगाआधीच पुस्तकातलं उत्तर वहीत उतरवून मोकळी! म्हणून लिंबूरस, चुन्याची निवळी, सोड्याचं पाणी, साखरपाणी असे द्रव नावं न सांगता दिले. लिंबू वासावरूनच ओळखलं. हळदीचा कागद आम्लारीत लाल होतो, पण आम्ल आणि उदासीन दोन्हींत पिवळाच राहतो. तिथं खरा विचार सुरू झाला. जास्वंदीचा अर्कही वापरलाय (आम्लात गडद गुलाबी, आम्लारीत हिरवा). लिटमस, तीव्र आम्लं नकोत. किराणा दुकानात मिळणारे, बिनवासाचे, रंगहीन आम्लधर्मी द्रव कोणते? आणि उत्तर चुकलं तरी तर्क बरोबर असेल, तर एफएमध्ये (आकारिक मूल्यमापनात) गुण कसे देता?