मुलगी अंध आहे, नववीत गणित-विज्ञान सोडायला सांगताहेत. सही करू का?

गिरणीवाली_बार्शी

नमस्कार. माझी मुलगी आता नववीत जाईल. सातव्या महिन्यात झाली, काचेच्या पेटीत ठेवावी लागली, आणि त्यातच तिच्या डोळ्यांचा पडदा गेला. यूडीआयडी कार्डावर, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्रावर, अंधत्व १०० टक्के आहे. सातवीपर्यंत गावातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकली. पंचायत समितीकडून विशेष शिक्षक यायचे, ब्रेल त्यांनीच शिकवलं. आठवीला जवळच्या अनुदानित हायस्कूलला घातली. मैत्रिणींबरोबर एसटीने जाते-येते.

परवा मुख्याध्यापकांनी बोलावलं आणि एक अर्ज पुढे ठेवला. बीजगणित-भूमितीच्या जागी सातवीचं अंकगणित आणि विज्ञानाच्या जागी शरीरशास्त्र, आरोग्यशास्त्र व गृहशास्त्र घ्यायचं, असा. म्हणाले, "न दिसणारी मुलं हेच घेतात. टक्के चांगले पडतील. आकृत्या तिला कशा शिकवायच्या ते आमच्या शिक्षकांना माहीत नाही." माणूस चांगला आहे, रागावून काही बोलले नाहीत.

पण पोरगी ऐकायला तयार नाही. आमची पिठाची गिरणी आहे. गिऱ्हाइकाचा हिशोब ती तोंडी करते. पावणेचार किलो बाजरी, सहा रुपये दर, असं म्हणेपर्यंत साडेबावीस सांगून मोकळी. आठवीत बैजिक राशींचे अवयव तिला फार आवडले. घरी येऊन मला म्हणाली, "आई, सातवी माझी झालीय. परत सातवीत कशाला बसवतायत?"

याला माझ्याकडे उत्तर नाही. आम्ही दोघं दहावीच्या पुढे शिकलेलो नाही. सही केली तर पुढे काय अडेल? नाही केली तर भूमिती न बघता शिकता येते का? आणि बोर्डाच्या पेपरात लिहिणार कोण? ज्यांनी यातून वाट काढली आहे त्यांनी कृपया सांगावं.

टेलर_फ्रेम

ताई, सही करू नका. निदान मुलीला विचारल्याशिवाय नाही, आणि तिने तर तिचं उत्तर दिलेलंच आहे.

मी जन्मांध. मूळचा कराडकडचा, आता पुण्यात एका कंपनीत प्रोग्रॅमर आहे. आमच्या वर्गातल्या सगळ्यांना सातवीचं अंकगणितच होतं. कोणाला काय झेपतं हे कधी विचारलं गेलं नाही, न दिसणाऱ्याला गणित नको असं ठरूनच गेलं होतं. पुढे प्रोग्रॅमिंग शिकायला बसलो तेव्हा आलेख आणि निर्देशक हे शब्द पहिल्यांदा कानावर पडले. नोकरी करता करता एका निवृत्त सरांकडे नववी-दहावीचं गणित शिकलो आणि ते मला आलं. चांगलं आलं. म्हणून तुमची पोस्ट वाचल्यावर, खरं म्हणजे ऐकल्यावर, गप्प बसवलं नाही.

आधी पुढे काय अडेल ते. अकरावीला विज्ञान शाखेत जायचं तर दहावीला विज्ञान घेतलेलं हवं. सातवीच्या अंकगणितावर पुढचं गणित उभं राहत नाही. संगणक, अर्थशास्त्र, सांख्यिकी सगळीकडे ते लागतं. तिने पुढे कला शाखा निवडली तर उत्तमच, पण निवड तिची असू दे. तेराव्या-चौदाव्या वर्षी एका सहीने ती तिच्या हातून जायला नको.

विषय बदलून घेणं ही सवलत आहे, सक्ती नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम १६ शाळेला सांगतं की भेदभाव न करता प्रवेश द्या आणि त्या मुलाच्या गरजेनुसार सोयी करा. कलम १७ मध्ये १८ वर्षांपर्यंत पुस्तकं, शैक्षणिक साहित्य आणि योग्य उपकरणं मोफत द्यायची तरतूद आहे. लेखनिक आणि जादा वेळही त्याच कलमात. म्हणजे "आमच्याकडे साहित्य नाही" हे विषय काढून घेण्याचं कारण होऊ शकत नाही. साहित्य आणणं हे व्यवस्थेचं काम आहे. लेखनिक मागणाऱ्या विकास कुमार यांच्या प्रकरणात फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच मुद्दा ठासून मांडला की सोय ही त्या त्या व्यक्तीची गरज बघून द्यायची असते.

न दिसणाऱ्यांनी विज्ञान घेतलेलं नाही असंही नाही. आंध्रच्या श्रीकांत बोल्ला यांना अकरावीला विज्ञान नाकारलं, ते कोर्टात गेले, बारावीला ९८ टक्के मिळवले आणि पुढे अमेरिकेत एमआयटीत शिकले. दिल्लीच्या कार्तिक साहनी यांनी सीबीएसईशी भांडून विज्ञान घेतलं, २०१३ मध्ये ९६ टक्क्यांनी बारावी झाले आणि स्टॅनफर्डला गेले. तुमच्या मुलीने असंच काही करून दाखवावं म्हणून हे सांगत नाही. तिला नुसतं पास होण्याइतपत गणित शिकायचं असेल तरी तिचा हक्क तेवढाच आहे.

आता भूमिती, कारण सगळे तिथेच अडतात.

आकृती बोटांनी वाचता येते, ती उठावाची हवी एवढंच. रबराच्या पाटीवर प्लॅस्टिकचा पातळ कागद ठेवून पेनाने दाबून रेघ ओढली की ती वर उठते. असा संच मिळतो. तो येईपर्यंत शिवणकामाचं खुणा करायचं दातेरी चाक घ्या. जाड कागदाखाली घडी घातलेलं कापड ठेवा, चाक दाबून फिरवा, कागद उलटा करा. मागच्या बाजूला ठिपक्यांची रेघ हाताला लागेल. मात्र आकृती आरशातल्यासारखी उलटी होते. म्हणून काढणाऱ्याने ती उलटी काढायची, नाहीतर कोन ब च्या जागी कोन क येतो आणि मुलगी बरोबर असून चुकते. शिरोबिंदूंची नावं ब्रेलमध्ये टोचून घ्या. आलेखासाठी फळीवर सारख्या अंतरावर बारीक खिळे ठोका आणि रबरबँड लावा. अक्ष म्हणजे जाड सुतळी. निर्देशक भूमितीचं प्रकरण मी अशा फळीवर शिकलो आणि ते माझं सगळ्यात आवडतं झालं.

आकडेमोडीला टेलर फ्रेम. आठ कोपऱ्यांची भोकं असलेली पाटी आणि त्यात बसणारे शिशाचे टाइप, म्हणजे छोटे तुकडे. टाइपच्या एका टोकाला कड असते, दुसऱ्या टोकाला दोन टिंबं. आठ दिशा, दोन टोकं, म्हणून १६ चिन्हं. उभं गणित यावर मांडून हाताने तपासता येतं. तुमची मुलगी तोंडी हिशोबात पक्की आहे हे उत्तमच, पण समीकरणाच्या सहा-सात पायऱ्या डोक्यात धरून ठेवायला लावू नका. डोळस मुलांकडून आपण तशी अपेक्षा करत नाही. गणिताचं ब्रेलही तिला शिकवा. अब्राहम नेमेथ नावाच्या अंध गणितज्ञाने त्यासाठी आख्खी चिन्हव्यवस्था तयार केली आहे.

लेखनिक. बोर्डाला तो खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणजे दहावीचं गणित त्याला येत नसणार. तेव्हा सांगायची पद्धत पक्की हवी. "अ अधिक ब चा वर्ग" असं सांगितलं तर तो फक्त ब चा वर्ग लिहील की दोघांचा मिळून? म्हणून "कंस सुरू, अ अधिक ब, कंस पूर्ण, वर्ग" असं सांगायची सवय आत्तापासून लावा. अपूर्णांकालाही "अंश सुरू, छेद सुरू, अपूर्णांक पूर्ण". घरी तुम्ही लिहून घ्या, ताई. तुम्हाला गणित येत नसेल तर त्याहून चांगलं, कारण तुम्ही ती सांगेल तेवढंच लिहाल.

जादा वेळ तासाला २० मिनिटं. गणिताचे भाग एक आणि दोन ४०-४० गुणांचे, दोन-दोन तासांचे. म्हणजे प्रत्येकी २ तास ४० मिनिटं. सांगून लिहून घ्यायला हा वेळ खरोखर लागतो, तो कोणी मेहेरबानी म्हणून देत नाही.

सायली_विशेषशिक्षक_निवृत्त

वरच्या दादांनी लिहिलेलं सगळं पटलं, एका गोष्टीची भर घालते. सवलत वाईट आहे असं कोणी यातून समजू नये. मी फिरती विशेष शिक्षिका होते. सातवीचं अंकगणित मिळालं म्हणून दहावी झालेली आणि आज स्वतःच्या पायावर उभी असलेली मुलं मी पाहिली आहेत. ज्याला गरज आहे त्याने ती निःसंकोच घ्यावी. अपंगत्वाचा प्रकार बघून सगळ्यांना एकच अर्ज देणं, याला माझा विरोध आहे.

ताई, तुम्ही असं करा. तोंडी नकार देऊ नका, साधं पत्र लिहा. मुलीला सामान्य गणित व विज्ञान हेच विषय ठेवायचे आहेत, त्यासाठी अमुक साहित्य आणि विशेष शिक्षकाचं मार्गदर्शन हवं आहे, असं. दोन प्रती काढा, एकीवर शाळेचा शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. शाळेने नकार दिला तर तो लेखी मागा. लेखी द्यायची वेळ आली की बहुतेक ठिकाणी नकार विरघळतो, हा माझा अनुभव.

मग तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष तज्ज्ञ असतात, त्यांना भेटा. समग्र शिक्षा अभियान बारावीपर्यंत आहे, आठवीला संपत नाही. त्यात विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंतची तरतूद आहे, आणि मुलींना महिना २०० रुपयांप्रमाणे दहा महिने प्रोत्साहन भत्ता. तो तुम्हाला मिळतो का, तेही विचारा. मोठी शाळा लागली की खूप मुलांची नावं यादीतून गळतात. एवढं करूनही कोणी दाद दिली नाही तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तालयाकडे अर्ज करता येतो. पण तिथवर जायची वेळ बहुधा येणार नाही.

आणि गणिताच्या शिक्षकांशी स्वतः बोला. एका वर्गात साठ-सत्तर मुलं असतात, ते घाबरलेले असतात हो. त्यांच्याकडे एकच गोष्ट मागा: फळ्यावर जे लिहाल ते तोंडाने म्हणा. "हे इकडे नेलं, हे उडालं" असं न म्हणता "पाच क्ष डाव्या बाजूला नेले, चिन्ह बदललं". याचा फायदा मागच्या बाकावरच्या सगळ्या मुलांना होतो, मी कित्येक वर्गांत पाहिलंय.

नाशिकचा_बाबा

माझ्या मुलाला गणनअक्षमता आहे. आम्ही हीच सवलत घेतली आणि घरातली रडारड थांबली. सायलीबाईंचं म्हणणं अगदी खरं. फक्त पुढे कुठल्या शाखा बंद होतात हे आम्हाला कोणी आधी सांगितलं नव्हतं. आमच्या मुलाला त्या नकोच होत्या म्हणून निभावलं. सही घेण्याआधी पालकांना आणि मुलाला समोर बसवून हे सांगायची पद्धत सगळीकडे पडायला हवी.

एक विचारतो, विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांचं काय करायचं?

टेलर_फ्रेम

दादा, प्रात्यक्षिकात जोडीदार देता येतो. लिटमसचा रंग बदलला का हे त्याने सांगायचं, पण आम्ल किती घालायचं, आधी काय करायचं आणि निष्कर्ष काय हे सगळं मुलीने सांगायचं. जोडीदार तिचे डोळे, डोकं तिचं स्वतःचं. उष्णता, ध्वनी, चुंबक, तरफ यांना तर हात आणि कानच लागतात. आकृती काढायच्या प्रश्नांना दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी सूट असते, ती मात्र जरूर घ्या. तेवढ्यासाठी पूर्ण विषय सोडायचं कारण नाही.

गिरणीवाली_बार्शी

सगळ्यांचे आभार. सायलीबाईंनी सांगितलं तसं पत्र मुलीकडून सांगून घेतलं आणि मी लिहिलं, शिक्का घेऊन आले. मुख्याध्यापकांनी वाचलं, थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग गणिताच्या सरांना बोलावलं. सर म्हणाले, "मला येत नाही, पण ती शिकवेल तसं मी शिकवीन." तो अर्ज त्यांनी परत घेतला. विज्ञानाच्या मॅडम अजून तयार नाहीत, प्रयोगशाळेत भाजलं-बिजलं तर जबाबदारी कोणाची म्हणतात. त्यांच्याशी परत बोलणार आहे. जोडीदाराचं सांगेन.

गटसाधन केंद्रात साहित्याची मागणी लिहून द्यायला सांगितलंय. दातेरी चाक शेजारच्या शिलाईवाल्या काकूंकडून आणलं. त्रिकोण उलटा काढायला मला जमेना, तर पोरीनेच सांगितलं की आई, डावी-उजवी बाजू बदल, बाकी तसंच ठेव.

टेलर फ्रेम कुठली मागायची? आणि ती विचारतेय, क्ष आणि य त्या टाइपमध्ये असतात का?

टेलर_फ्रेम

तिला सांगा, असतात, पण वेगळे. बीजगणिताचे टाइप अंकगणिताच्या टाइपपेक्षा निराळे येतात. मागणीत "टेलर फ्रेम, अंकगणिताचे टाइप आणि बीजगणिताचे टाइप" असं तिन्ही वेगवेगळं लिहा, नाहीतर नुसती अंकगणिताचीच पेटी येईल. देहरादूनच्या राष्ट्रीय दृष्टी दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेत हे साहित्य तयार होतं, मुंबईच्या नॅब या अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडेही चौकशी करा. रबराच्या पाटीचा भूमिती संचही त्याच कागदावर घाला.

मॅडमना सांगा की वर्गातल्या प्रत्येक मुलाला जे सुरक्षेचे नियम आहेत तेच तिलाही लागू करा, आणि पहिल्या प्रयोगाला तुम्ही स्वतः तिच्या शेजारी उभ्या राहा.

आणि लेखनिक व जादा वेळ नववीच्या पहिल्या घटक चाचणीपासूनच मागा. बोर्डाच्या वर्षी लेखनिकाबरोबर पहिल्यांदा बसायची वेळ तिच्यावर यायला नको.