प्रतिसाद: मार्करने रंगवलेली ब्रेड लाइन

ब्रेड, म्हणजे गळाने मासे धरायची विणलेली लाइन, माशाला दिसू नये म्हणून मार्करने रंगवली तर दोनचार फेऱ्यांत पांढरी पडते, अशी तक्रार वाचली, ती खरी. पण त्यात मार्करचा दोष नाही. ब्रेडचा धागा पॉलिएथिलीनचा, तो रंग आत शोषतच नाही. कंपनीचा हिरवा रंगसुद्धा वरवरचाच असतो, म्हणून तोही उडतो. मी कुठ्ठाळीला जुवारीच्या काठावर पिवळ्या ब्रेडचे गरीकडचे शेवटचे दोन वाव (वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढी लांबी) काळ्या मार्करने रंगवले होते, सलग नाही, वीतभर सोडून पट्टे. ओली असतानाच रिळावर गुंडाळली आणि बोटं, रॉडची पहिली रिंग, सगळं काळं! रात्रभर सुकवली असती तर रंग थोडा टिकला असता.

सगळी लाइन रंगवू मात्र नका. संध्याकाळी चोणक मासा गरीला लागला की लाइन एकदम ढिली पडते, ती पिवळी असली तरच आपल्याला दिसते. पावसात पाणी गढूळ, तेव्हा रंगाने फरक पडत नाही. डिसेंबरात निवळ पाण्यात मी पुढे वावभर फ्लुरोकार्बनचा पारदर्शक धागा जोडतो. प्रकाश वाकवण्यात तो नायलॉनपेक्षा पाण्याच्या जवळचा, म्हणून कमी दिसतो, शिवाय कालवांच्या खडकावर ब्रेडइतका पटकन कापला जात नाही.