सेनेसेंट पेशीला मराठीत काय म्हणायचं? (आणि फेफरं लिहायचं की नाही)

टिपकागद: मंडळी, परवापासून एका शब्दावर गाडी अडलीये. एपिलेप्सी आणि म्हातारपण यांच्या नात्यावरचा एक लेख मराठीत करतेय, रविवारपर्यंत द्यायचाय. त्यात सेनेसेंट सेल्स म्हणून प्रकार आहे, म्हणजे अशी पेशी की जी विभागायची थांबलीये पण मरतही नाही, तिथेच ठाण मांडून बसते आणि वर आजूबाजूला दाह वाढवणारी रसायनं सोडत राहते. अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठातल्या लोकांनी टेम्पोरल लोब एपिलेप्सीच्या (म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागातून सुरू होणाऱ्या) ऑपरेशनमध्ये काढलेला मेंदूचा भाग तपासला, तर तिथे ग्लियल पेशींमध्ये, म्हणजे मज्जापेशींना आधार देणाऱ्या पेशींमध्ये, असल्या पेशी एपिलेप्सी नसलेल्यांच्या पाचपट निघाल्या. मी सरळ 'जरापेशी' लिहिलं. संपादकबाईंनी कडेला पेन्सिलीने लिहून पाठवलं, "जरा म्हणजे किती?" शिवाय पहिल्याच ओळीत मी फेफरं लिहिलं होतं ते खोडून अपस्मार केलंय, तेही मला पटलेलं नाही.

शब्दवेडा: 'जरा म्हणजे किती' हे भारीच. पण चूक त्यांची नाही, आपल्याकडे जरा दोन आहेत. एक संस्कृत, म्हातारपण. दुसरा अरबी ज़र्रा म्हणजे कण, त्यावरून 'जरा सरक की'. पहिला आता फक्त जराजर्जर आणि जरठकुमारी विवाहात उरलाय, दुसरा दिवसातून पन्नास वेळा तोंडात येतो. वाचणाऱ्याला दुसराच ऐकू येणार.

व्युत्पत्तीविलास: मूळ लॅटिन सेनेक्स, म्हणजे म्हातारा. सिनेट त्यातूनच आलं, म्हाताऱ्यांची सभा. आणि आपल्याकडे त्याचा सख्खा भाऊ आहे, वैदिक 'सन' म्हणजे जुना, त्यावरून सनातन. तेव्हा व्युत्पत्तीला धरून चालायचं तर सनातन पेशी!

आप्पा_७४: विलासराव, छापून तर बघा, मासिकाच्या ऑफिसवर मोर्चा येईल.

चकली: पेन्शनर पेशी म्हणा ना, काम बंद पण जागा सोडत नाही 😀

आप्पा_७४: निषेध. मी पेन्शनर आहे, आजूबाजूला दाह पसरवत नाही. (सोसायटीची मीटिंग धरू नका.)

रानभाजी: मी शेतकरी माणूस, मला संस्कृत कळत नाही, पण टिपकागद ताईंनी जे वर्णन केलंय ते वाचून मला पहिल्यांदा जून भेंडी आठवली. भेंडी दिवसाआड तोडावी लागते. दोन तोडे चुकले की जून होते, बी धरते, पिळलं तरी मोडत नाही, आणि मुख्य म्हणजे ती झाडावर तशीच राहिली की झाड नवीन भेंडी धरायचं कमी करतं. म्हणून विकायची नसली तरी जून भेंडी तोडून टाकावीच लागते. वाढत नाही, गळत नाही, आणि बाकीच्यांनाही वाढू देत नाही. तुमची पेशी हीच की.

टिपकागद: रानभाजी दादा, हे वाचून मी खुर्चीतून उठलेच! कारण लेखाचा पुढचा भाग अगदी हाच आहे, उंदरांमधल्या असल्या पेशी औषधाने कमी केल्या तर फिट्स कमी झाल्या, स्मरणाच्या चाचण्यांमध्ये उंदीर सुधारले आणि साधारण एक तृतीयांश उंदरांना एपिलेप्सी झालीच नाही. म्हणजे जून भेंडी तोडून टाकली.

शब्दवेडा: आणि जून हा परका नाहीच. जीर्ण, जूर्ण, प्राकृत जुण्ण, मग जुना आणि जून. जरा पण त्याच धातूतली. म्हणजे ताई, तुमची जरापेशीच, फक्त स्वयंपाकघरातून आलेली.

शुद्धमती: माफ करा पण मेंदूच्या संशोधनात भेंडी? शास्त्राची परिभाषा वजनदार हवी. 'जराग्रस्त पेशी' म्हणा, अर्थ नेमका आहे. सवय नसते म्हणून विचित्र वाटतं. महापौर, दिनांक हे शब्द सावरकरांनी दिले तेव्हाही लोक हसले असतील.

चकली: दिनांक फॉर्मवर लिहितात, बोलताना मी अजून तारीखच विचारते.

शुद्धमती: मग इंग्रजीच ठेवा सगळं. प्रश्नच मिटला.

मेंदूवाली: न्यूरॉलॉजीत शिकतेय म्हणून दोन गोष्टी. एक, जराग्रस्त म्हटलं की म्हातारा माणूस डोळ्यासमोर येतो आणि इथे तो घोटाळा नको, कारण या पेशी तरुण पेशंटच्या मेंदूतही असू शकतात. २०१७ साली एक अभ्यास आला होता, एमआरआयवरून कॉम्प्युटर मेंदूचं वय सांगतो तसला, त्यात औषधाला दाद न देणाऱ्या फोकल एपिलेप्सीत (मेंदूच्या एकाच भागातून सुरू होते ती) मेंदू खऱ्या वयापेक्षा सरासरी साडेचार वर्षं म्हातारा दिसला, पण नुकतंच निदान झालेल्यांमध्ये तसा ठळक फरक नव्हता. आता फिट्समुळे मेंदू लवकर पिकतो की पिकलेल्या मेंदूत फिट्स येतात, हा वाद वेगळा, कारण साठीनंतर नव्याने एपिलेप्सी सुरू होण्याचं प्रमाण पुन्हा वाढतंच. दोन, त्या उंदरांना दिलेली औषधं म्हणजे दासाटिनिब, जे रक्ताच्या कॅन्सरला देतात, आणि क्वर्सेटिन, जे कांद्यात भरपूर असतं.

आप्पा_७४: कांद्यात?? अहो मग आमची आजी फिट आली की कांदा फोडून नाकाला लावायची ते बरोबरच होतं की!

मेंदूवाली: आप्पाकाका नाही! मला ठाऊकच होतं कुणीतरी हे म्हणणार. हुंगून क्वर्सेटिन मेंदूत जात नाही. फिट बहुतेकदा दोनेक मिनिटांत आपली आपण थांबते, त्याच सुमाराला कांदा येतो आणि श्रेय घेऊन जातो. चप्पल हुंगवतात त्याचंही तेच. कुशीवर वळवा, तोंडात चमचा-बिमचा काही घालू नका, पाच मिनिटांवर गेली तर हॉस्पिटल. आणि उंदरांवरचा प्रयोग वाचून कुणी क्वर्सेटिनच्या गोळ्या मागवू नका, हात जोडते.

चकली: कांद्यावरून आठवलं, आमच्याकडे फेपरं म्हणतात, प आहे. फेफरं हे पुण्याकडचं का?

व्युत्पत्तीविलास: फेस, त्यावरून फेफरं. तोंडाला फेस येतो ना.

शब्दवेडा: विलासराव, फेसातला स गेला कुठे? तुम्हाला दिसलं ते अक्षर जुळवता.

व्युत्पत्तीविलास: मग तुम्ही सांगा कुठून आलं.

शब्दवेडा: माहीत नाही म्हणायला मला लाज वाटत नाही.

निळी_छत्री: इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. मला नवव्या वर्षापासून फिट येते. आता अडतीस. अपस्मार हा शब्द मी पहिल्यांदा सर्टिफिकेटवर वाचला आणि आईला विचारलं हा कुठला नवीन आजार. घरात फिटच म्हणायचे, तेही दार लोटून. फेफरं मला नको वाटतं, ग्रामीण आहे म्हणून नाही, तर ऑफिसात कुणीही उठून "बिल बघून फेफरंच आलं" म्हणतं आणि सगळे हसतात आणि मी पण हसते. टिपकागद, तुमच्या संपादकबाईंनी खोडलं ते मला तरी बरं वाटलं.

टिपकागद: हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटलं होतं की लोकांचा शब्द म्हणजे आपोआप जवळचा शब्द.

शुद्धमती: अपस्मार हाच सभ्य शब्द आहे. स्मृतीचं जाणं, चरकापासून चालत आलेला.

निळी_छत्री: सभ्य असेल, पण नटराजाच्या पायाखाली जो बुटका चिरडलेला असतो त्याचं नावही अपस्मारच. आणि हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वेडेपणाच्या शेजारीच एपिलेप्सी बसवली होती, ती १९९९ च्या दुरुस्तीत निघाली. माझ्या मावशीचं लग्न त्याच्या आधीचं. सासरी कळू नये म्हणून गोळ्या हळदीच्या डब्यात ठेवायची. तिने कुठलाच शब्द वापरला नाही, "माझं ते" म्हणायची.

मेंदूवाली: ओपीडीत पण पेशंट "ते येतं" म्हणतात, आणि आम्ही विचारत बसतो, ते म्हणजे काय.

आप्पा_७४: आमच्या आजोळी आकडी म्हणत. हातपाय आखडतात म्हणून असेल.

व्युत्पत्तीविलास: आकडा, आकडी, वाकडं होणं. हे तरी मान्य आहे का शब्दवेडा?

शब्दवेडा: हे असू शकेल. लहान मुलांना तापात येते तिलाही आकडीच म्हणतात आणि ती एपिलेप्सी नव्हे, तेव्हा लेखात वापरू नका.

शुद्धमती: मूळ प्रश्न सेनेसेंटचा होता याची आठवण करून देते.

रानभाजी: निबर पण चालेल का? निबर म्हणजे राठ झालेली. पण निबर काकडी झाडाचं वाईट करते असं कुणी म्हणत नाही, जून म्हटलं की तोडायची हे डोक्यात येतंच.

टिपकागद: लेख पाठवला. 'जून पेशी' ठेवलं, पहिल्यांदा येतं तिथे भेंडीचं एक वाक्य घातलं (दादा, तुमचंच), आणि आजाराला सगळीकडे एपिलेप्सी, फक्त एकदा अपस्मार. आत्ताच संपादकबाईंचा फोन येऊन गेला. भेंडीचं वाक्य जागा नाही म्हणून काढलंय, आणि विचारत होत्या की जूनच का, बाकीच्या महिन्यांत या पेशी नसतात का?

आप्पा_७४: सांगा, पाऊस लांबला तर जुलैतही असतात.

चकली: पण फेपरं की फेफरं ते राहिलंच.