साठवणीचे यार्ड फळीखाली लपवावे का?

मूळ मत (डोंबिवली)
मॉडेल रेल्वेत स्थानकातून सुटलेली छोटी गाडी गोल फिरून लगेच परत न येता दूरच्या गावी गेली असे वाटावे, यासाठी लेआउटवर (फळीवर मांडलेल्या रुळांच्या रचनेवर) गाड्या उभ्या करायला नजरेआड काही रूळ, म्हणजे साठवणीचे यार्ड, हवेच. माझा आक्षेप ते मुख्य फळीखाली नेण्याला आहे. हात आत जाण्यासाठी दोन फळ्यांत २० सेंटीमीटर अंतर ठेवले, तर २ टक्के उताराने १० मीटर रूळ केवळ खाली उतरण्यातच खर्च होतो. शिवाय आमच्याकडच्या पावसाळी दमट हवेत प्लायवूड फुगते, जोड हलतात आणि जे रूळ दिसत नाहीत ते पुसायचे राहून जातात. ब्रिटिश छंदिष्टांप्रमाणे बुटक्या पडद्यामागे उघडे ‘फिडल यार्ड’, म्हणजे हाताने गाड्या जुळवायचे यार्ड, ठेवावे. तिथे गाडी हाताने उचलून पुन्हा जुळवता येते.

प्रतिसाद १ (पुणे)
दोन डब्यांच्या ब्रिटिश शाखागाडीला ते शोभते. आपला आयसीएफ (इंटिग्रल कोच फॅक्टरी) पद्धतीचा प्रवासी डबा एचओ प्रमाणात, म्हणजे १:८७ मध्ये, सुमारे २६ सेंटीमीटरचा होतो. १८ डब्यांचा रेक (एकत्र जोडलेल्या डब्यांची रांग) इंजिनाशिवायच साडेचार मीटरच्या पुढे जातो. तेवढी सरळ लांबी घरातल्या कोणत्या खोलीत मिळणार? फळीखाली मात्र तोच रेक भिंतीच्या कडेने वळवून उभा करता येतो. वारंवार हाताळल्याने डबे जोडणारे कपलिंग आणि पायऱ्या मोडतात, हेही विसरू नये. हॅम्बुर्गच्या मिनिआटुर वुंडरलँड या मोठ्या मॉडेल रेल्वे प्रदर्शनात तर गाड्या लपलेल्या स्थानकांतून संगणकाच्या नियंत्रणाखाली येत-जात असतात.

मूळ लेखक
हॅम्बुर्गला देखभालीसाठी पगारी माणसे आहेत. घरी रविवारी सकाळी एकट्यानेच फळीखाली शिरावे लागते. लांबीचा मुद्दा खरा आहे, पण त्यावर रेक नऊ डब्यांचा करणे मला अधिक पटते.

प्रतिसाद २ (नाशिक)
नऊ डब्यांची एक्स्प्रेस मला तरी बघवत नाही. यार्ड खालीच ठेवावे, मात्र सगळे सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागा) फळीच्या पुढच्या कडेला, हाताशी आणावेत, कारण गाडी घसरते ती बहुधा सांध्यावरच. आतल्या भागात सलग रूळच असावा. प्रत्येक रुळाला विद्युतप्रवाहावरून गाडी ओळखणारा डिटेक्टर बसवला, की कोणता रूळ रिकामा आहे हे वाकून पाहावे लागत नाही. हेलिक्सच्या, म्हणजे गोल जिन्यासारख्या फेऱ्यांनी खाली उतरणाऱ्या रुळाच्या, मोहात मात्र पडू नये: ६० सेंटीमीटर त्रिज्येच्या एका फेऱ्यात १० सेंटीमीटर उतरायचे, तर उतार २.६ टक्क्यांवर जातो, आणि परत चढताना वळणाचे घर्षण त्यात भर घालते.

मूळ लेखक
सांधे पुढे आणण्याची सूचना मोलाची आहे. तरीही आतल्या रुळांवर वरून हात पोहोचत नाही तोवर माझे यार्ड पडद्यामागेच राहील.