शनिवार-रविवारचे सुतार आणि 'लूट'

सुतारपक्षी
परवा इथेच 'चिवट चिंच' या भाऊंनी लिहिलं, की सुताराने पुस्तकांच्या कपाटाचे 34 हजार सांगितले, तेच त्यांनी घरी दोन शनिवार-रविवारांत 14 हजारांत उभं केलं. सबब मजुरी म्हणजे निव्वळ लूट, आणि 'हातात ड्रिल धरता येणाऱ्या कुणालाही जमेल'. खाली दीडशे अंगठे. चार ओळींत उत्तर मावेना म्हणून हा वेगळा धागा.

आधी हिशोब. 14 हजारांत ड्रिल, गोल करवत, क्लॅम्प धरलेत का? नाही, कारण 'ती आयुष्यभर राहतात'. मग सुतार काय दर कामानंतर हत्यारं नदीत सोडतो? तुमचे चार दिवस शून्य रुपयांचे. प्लाय वर चढवायचे टेंपोवाल्याने घेतले असतील तेही कुठे दिसत नाहीत.

आता कपाट. फोटो मोठा करून पाहिला. तीन फुटी खण, 18 एमएम प्लाय, मधे आधार नाही आणि वर जाडजूड शब्दकोश. दिवाळीपर्यंत मधोमध झोळी पडणार. फळीची लांबी दुप्पट केली की तितक्याच दाटीने लावलेल्या पुस्तकांखाली तिचा वाक सोळापट होतो. पुढच्या कडेला सागाची दीड इंची पट्टी उभी मारली असती तर निभावलं असतं, आणि हे सांगायला इंजिनिअर लागत नाही, सुतार लागतो. उजव्या खालच्या कोपऱ्यात तर स्क्रू सरळ प्लायच्या कडेत घुसवलाय. आधी बारीक भोक न पाडता! थर उकललेत, फोटोत दिसतंय.

माझे वडील सुतार होते. रंध्याचं पातं लावून झालं की पहिलं सालपट दारात उजेडाला धरायचे. पलीकडचं अंगण दिसलं तर पुढचं काम, नाहीतर पातं परत दगडावर. याला मजुरी म्हणतात. हौस जरूर करा, पण दुसऱ्याच्या पोटाला लूट म्हणू नका.

चिवट चिंच
पहिली गोष्ट, मी भाऊ नाही. ड्रिल म्हटलं की भाऊच असणार, हे कुठल्या रंध्यातून निघालं?

दुसरी गोष्ट, लूट हा शब्द मी हवेतून आणला नाही. स्वयंपाकघराच्या कामाला एकाने 10 हजार आगाऊ नेले. 'गणपतीच्या आधी देतो.' गणपती गेले, नवरात्र गेलं, फोन बंद. दुसऱ्याने काम केलं, पण आयएस 710 चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायचा, शिक्का असलेली एक शीट मला दाखवली आणि आत बाकीचा 303 चा साधा माल लावला. दुसऱ्या पावसाळ्यात सिंकखालचा तळ पापडासारखा फुगला. दार उघडलं की कुबट वास, आणि बोटाने दाबलं तर बोट आत. त्या कपाटाने मला सुतार केलं, यूट्यूबने नाही.

झोळीचं बघते. पट्टी आजही लावता येईल.

खालचा मजला
तुम्ही दोघं खुशाल भांडा, पण आमचं कोणी ऐकणार का? आमच्या वरच्या मजल्यावर असेच एक कलाकार आहेत. रविवारी दुपारी दोनला गोल करवत. रहिवासी भागाला दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 10 ते 6 या वेळेत 45, असा नियम आहे. दाखवला. म्हणाले, 'काका, आता रात्र आहे का?' गॅलरीत वाळत घातलेल्या कुरडयांवर भुस्सा पडला तो वेगळाच. लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करते असं ठरवून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ती पहिल्या गटात टाकलीय, तंबाखूच्या रांगेत. मास्क तरी लावता का?

न्यू जर्सीचा नाना
इथे गॅरेज असतं, म्हणून शेजाऱ्यांशी संबंध टिकतात. लुटीचं म्हणाल तर इथे दुकानात 'टू बाय फोर' म्हणून मिळणारी लाकडी पट्टी प्रत्यक्षात भरते दीड बाय साडेतीन इंच. वाळवून-रंधून तेवढी उरते म्हणे. सगळे निमूट घेतात.

शेवगा
नाना, पुण्यातल्या दोन बीएचकेत गॅरेज कुठून आणायचं? मी बेडवर सतरंजी टाकून टीपॉय केलाय. बायको अजून बोलते त्यावरून. (टीपॉयवरून नाही, सतरंजीवरून.)

भूतपूर्व इंजिनिअर
मूळ मुद्दा वेगळाच आहे. मराठी सुतार उरलाय कुठे? भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये जाऊन कारागीर विचारा. राजस्थान, नाहीतर यूपी. आपल्या पोरांना कष्ट नकोत, एसीतली नोकरी हवी. मग भाव कोण ठरवणार?

सुतारपक्षी
'आपल्या पोरांना' म्हणजे कुणाच्या? तुमच्या घरात कधी कोणी लाकूड तासायचा वाकस धरला होता?

सांगलीकडच्या आमच्या गावात आजोबा बलुतं घ्यायचे. कुळव, तिफण, गाडीची चाकं, दाराची चौकट, पाळणा, सगळं करायचं आणि सुगीला खळ्यावर जे पदरात पडेल ते आणायचं. ट्रॅक्टर आला, अवजारं लोखंडी झाली, काम गेलं. वडील तालुक्याला येऊन खुर्च्या करायला लागले. मी पटाशीला हात लावला की हातावर फटका बसायचा. 'वही धर.' ते कष्टाला घाबरत नव्हते हो. उंबऱ्याबाहेर बसवून, फुटक्या कपात चहा देणाऱ्यांना विटले होते. कंटाळा कुणाला आला, हे नीट विचारा एकदा.

भूतपूर्व इंजिनिअर
इथेही जात आणलीत. मी कौशल्याबद्दल बोलत होतो. आज चांगला सुतार महिन्याला इंजिनिअरपेक्षा जास्त कमावतो.

सुतारपक्षी
छान. मग तुमच्या मुलीला सुतार नवरा बघाल?

शेवगा
आता विषय निघालाच आहे तर. माझ्या धाकट्या भावाने आयटीआयला कारपेंटर ट्रेड केला, वर्षभराचा. हात चांगला, कामं भरपूर, स्वतःची गाडी. तीन वर्षं स्थळं बघितली, 'मुलगा काय करतो' याच्या पुढे गाडी सरकेना. शेवटी दारावर 'इंटेरिअर कॉन्ट्रॅक्टर' अशी पाटी लावली. माणूस तोच, करवत तीच. सहा महिन्यांत लग्न ठरलं. साखरपुड्यात सासरे पाहुण्यांना सांगत होते, 'जावई डिझाइनमध्ये आहेत.'

भूतपूर्व इंजिनिअर
अपवाद सगळीकडे असतात. धागा भरकटवू नका.

चिवट चिंच
भरकटवलात तुम्हीच. आणि मुलीचं उत्तर राहिलं.

सुतारपक्षी, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं, ते खरंच. पण एक विचारू? वडिलांनी हात लावू दिला नाही म्हणता. म्हणजे माझ्या कपाटाच्या चुका काढणाऱ्याने स्वतः आजवर काय काय बनवलंय?

सुतारपक्षी
काही नाही.

बँकेत आहे. घरातलं सगळं फर्निचर दुकानातून, पार्टिकल बोर्डाचं. झालं समाधान?

चिवट चिंच
झालं. थोडं जास्तच झालं.

आता तुम्ही खरं बोललात म्हणून माझंही ऐका. कपाटाआधी सागाचं जेवणाचं टेबल केलं होतं. खाली आडव्या पट्ट्या स्क्रूने गच्च आवळल्या, फोटो टाकला, कौतुक झालं. मे महिन्यात रात्री काड्कन आवाज आला. सकाळी पाहिलं तर या टोकापासून त्या टोकापर्यंत फट, उभी धरलेली पोस्टकार्डं आत जातील एवढी. तो फोटो कुठेच टाकला नाही.

सुतारपक्षी
आवळल्यात तिथेच चुकलं, ताई. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. जुलैत दार अडकतं ते त्यामुळेच. पट्टीतली भोकं गोल नाही, फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट पाडायची, वॉशर घालून स्क्रू बसवायचा, जीव खाऊन पिळायचा नाही. म्हणजे फळीला सरकायला जागा राहते. हे मी केलेलं नाही, वडिलांच्या शेजारी वही धरून बसलो असताना बघितलंय.

न्यू जर्सीचा नाना
हे मला तीन टेबलं फुटल्यावर कळलं होतं.

चिवट चिंच
फट तशीच आहे, भोकं लांबट करून बघते. 'लूट' अर्धी मागे घेते. उरलेली अर्धी माझे 10 हजार नेणाऱ्यासाठी ठेवते.

वडिलांची हत्यारं आहेत का अजून?

सुतारपक्षी
माळ्यावर गोणपाटात. रंधा काढला आत्ता. पातं गंजलंय, ते आवळून धरणारी पाचर निघत नाहीये.

चिवट चिंच
पाचरीवर हातोडी मारू नका, फुटेल. रंध्याच्या मागच्या टोकावर लाकडी ठोकळ्याने हलके ठोके द्या, आपोआप ढिली होते. पातं निघालं की आधी त्याची पाठ सपाट करा, धारेचं नंतर. आणि उद्याच पलीकडचं अंगण दिसेल अशी आशा धरू नका. मला दोन महिने लागले.

खालचा मजला
रंध्याचा आवाज किती डेसिबल असतो? आणि सुतारपक्षी, तुम्ही कितव्या मजल्यावर राहता?