'देवाचा पुत्र' : सगळीच लेकरे, तर मग एकुलता एक कोणता?

वाटसरू
गेल्या नाताळला वसईत एका मित्राबरोबर मध्यरात्रीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधील उपासनेला, बसण्याचा योग आला. विश्वासाची सामूहिक कबुली म्हटली जात असताना, पुत्राने मानवदेह धारण केल्याचे वाक्य येताच सगळी मंडळी गुडघ्यांवर आली. मी मात्र बावचळून उभाच राहिलो. तेव्हापासून एक शंका मनात घर करून आहे. त्या कबुलीत येशूला देवाचा एकमेव पुत्र म्हटले आहे, आणि थोड्याच वेळाने तीच मंडळी देवाला 'आमचा बाप' म्हणून आळवतात. सगळीच जर लेकरे असतील, तर एकुलता एक कोणता? शिवाय निराकार देवाला पुत्र असणे म्हणजे नेमके काय समजायचे? टिंगल करण्याचा हेतू नाही, शब्दाचा अर्थ हवा आहे.

जुने पान
आपला प्रश्न जुना आहे आणि त्यावरून चर्चमध्ये मोठे वाद झालेले आहेत. प्रथम एक गैरसमज दूर करू. देवाला कोणा स्त्रीपासून शारीरिक अर्थाने मूल झाले, असे मुख्य प्रवाहातला कोणताही ख्रिस्ती पंथ मानत नाही. मरियेच्या उदरी येशूचा जन्म झाला, ही श्रद्धा आहेच. पण त्याचे पुत्रत्व त्या जन्माने सुरू झाले, असे ती श्रद्धा म्हणत नाही.

हिब्रू शास्त्रांत, म्हणजे बायबलच्या जुन्या करारात, 'पुत्र' हा शब्द बहुधा नाते आणि नेमणूक सांगतो. त्यातील 'निर्गम' या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात अख्ख्या इस्राएल राष्ट्राला देव आपला ज्येष्ठ पुत्र म्हणतो. दुसऱ्या स्तोत्रात तो राजाला सांगतो की तू माझा पुत्र आहेस, आज मी तुला जन्म दिला. यातला 'आज' महत्त्वाचा आहे, कारण सिंहासनावर बसणारा राजा त्या दिवशी काही पाळण्यात नसतो. याच धाग्यावरून काहींना वाटले की येशूही असाच नेमलेला पुत्र असावा. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस बायझँटियमहून रोमला आलेल्या थिओडोटस नावाच्या चर्मकाराने तसे शिकवले आणि त्याला बहिष्कृत करण्यात आले.

खरी ठिणगी पडली ती अलेक्झांड्रियाच्या एरियस नावाच्या धर्मगुरूमुळे. पुत्र सर्व सृष्टीच्या आधीचा आणि सर्वश्रेष्ठ, परंतु तोही निर्माण केलेलाच. म्हणजे तो नव्हता असेही कधी होते, असे त्याचे म्हणणे. 325 साली निकेया येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझनिक येथे, भरलेल्या धर्मपरिषदेने ते नाकारले आणि पुत्र हा पित्यापासून जन्मलेला आहे, घडवलेला नाही, दोघांचे तत्त्व एकच आहे, असे ठरवले. हा भेद घरगुती उदाहरणाने चांगला कळतो. सुतार टेबल घडवतो, पण टेबल काही सुतार होत नाही; माणसाचे मूल मात्र माणूसच असते. पुढे अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याने आणखी एक मुद्दा लावून धरला. मूल होण्याआधी माणूस असतो, बाप नसतो. देव जर अनादि काळापासून पिता असेल, तर पुत्रही अनादि असलाच पाहिजे. मला स्वतःला निकेयाच्या 'तत्त्व एकच' या शब्दांपेक्षा हा युक्तिवाद अधिक पटतो, कारण यात जन्म ही एकदा घडून गेलेली घटना न राहता नित्य नाते ठरते.

दस्तऐवज
वरील विवेचन उत्तम आहे, पण 'सगळीच लेकरे' हा भाग राहून गेला. त्याचे उत्तर मराठी बायबलातच आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात येशूचा प्रेषित पौल म्हणतो की विश्वासणाऱ्यांना 'दत्तकपणाचा आत्मा' मिळाला आहे, आणि म्हणूनच ते 'अब्बा, बापा' अशी हाक मारतात. मूळ ग्रीक शब्दही दत्तविधानाचाच आहे. त्याच्या रोमन वाचकांना तो नवा नव्हता. ज्युलियस सीझरच्या मृत्युपत्राने दत्तक गेलेला ऑक्टेव्हियन पुढे सम्राट ऑगस्टस झाला, आणि सीझरला देवत्व बहाल झाल्यामुळे 'दैवी सीझरचा पुत्र' अशी अक्षरे त्याच्या नाण्यांवर पडली. थोडक्यात, येशू औरस आणि बाकीचे दत्तक. दत्तकाचा वारसाहक्क नाकारला की काय होते, हे 1848 साली खालसा झालेल्या साताऱ्याच्या वाचकांना निराळे सांगायला नको.

जुने पान
'औरस' शब्द जपून वापरावा, त्याला देहाचा वास आहे. बाकी मान्य. योहानाच्या शुभवर्तमानात तर देवाशी असलेल्या नात्यापुरता हा भेद शब्दांतच दिसतो : येशूसाठी 'पुत्र', इतरांसाठी 'लेकरे', आणि ग्रीकमध्ये हे दोन वेगळे शब्द आहेत.

वाटसरू
आता बरेच उलगडले. तरी एक गोष्ट खटकते. आपल्याकडे औरस पुत्र नसला तरच दत्तक घ्यायचा. वंश चालावा, पिंडदान व्हावे, मालमत्तेला धनी मिळावा, ही निकड त्यामागे असे. इथे तर पुत्र असतानाच पित्याने दत्तक घेतले आहेत.

दस्तऐवज
आपण नेमके मर्मावर बोट ठेवलेत. या दत्तविधानामागे पित्याची कोणतीही निकड नाही. एरवी दत्तक आला की औरसाचा वाटा घटतो. येथे मात्र पौल विश्वासणाऱ्यांना 'ख्रिस्ताबरोबर सोबतीचे वारस' म्हणतो आणि येशूला पुष्कळ भावंडांतला थोरला. म्हणून एकुलता एक असणे आणि थोरला असणे या दोन्ही गोष्टी एकाच पुत्राविषयी बोलता येतात : स्वभावाने तो एकटाच, कृपेने तो थोरला.

ओटीवरून
चर्चा वाचते आहे. या वारसांत मुली कोठे आहेत?

जुने पान
गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पाहा. तुम्ही सर्व देवाचे पुत्र आहात असे सांगून दोनच ओळींनंतर पौल म्हणतो की ख्रिस्तात पुरुष आणि स्त्री हा भेद नाही. त्या काळी दत्तक घेत ते बहुधा मुलग्यांनाच, तेही वयात आलेल्या. त्यामुळे तेथे 'पुत्र' हा शब्द स्त्रियांना वगळत नाही, उलट मुलग्याच्या वाट्याला येणारा वारसा त्यांच्या पदरात घालतो, असे मी वाचतो. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात तर 'पुत्र आणि कन्या' असे सरळच लिहिले आहे.